दोष दिसतो अडथळ्यावर, जन्मतो दहा पावले आधी : मांडवा ते पॅरिस, एका शर्यतीचा इतिहास

१/
१९८१ साली टोकियोच्या आशियाई मैदानी स्पर्धेत गोपाल सैनी यांनी ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत पूर्ण केली. हा भारतीय विक्रम पुढे ३७ वर्षे अबाधित राहिला. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत तो मोडला गेला. मोडणारा धावपटू होता बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा, महार रेजिमेंटचा जवान अविनाश साबळे. या लेखमालिकेत त्या ३७ वर्षांचा आणि त्यानंतरच्या सहा वर्षांचा हिशेब मांडला आहे.

२/
साबळे यांची कथा बहुधा एकाच पद्धतीने सांगितली जाते. घरची गरिबी, गावात वाहन नाही, सहा किलोमीटर अंतरावरची शाळा, रोजची पायपीट आणि त्यातून घडलेला धावपटू. यातले काहीही खोटे नाही. पण मराठवाड्यात शाळेसाठी पायपीट करणारी मुले पिढ्यानपिढ्या होतीच. केवळ कष्टाने विक्रम घडत असता, तर तो ३७ वर्षे थांबला नसता. कष्टांच्या पलीकडे आणखी काहीतरी लागले. ते म्हणजे स्वतःच्या चुका नेमक्या कुठे उगम पावतात, हे शोधण्याची शिस्त.

३/
आधी शर्यतीची ओळख. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोन घोडेस्वारांनी बटव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत पैज लावून घोडे फेकले. वाटेतले कुंपण, चर, ओढे ओलांडत, समोरच्या मनोऱ्यावर नजर ठेवून. पुढे १८५० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजातील विद्यार्थ्यांनी हाच खेळ घोड्याविना, स्वतःच्या पायांवर खेळून पाहिला. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत आली आणि १९२० पासून तिचे अंतर ३,००० मीटर ठरले.

४/
आजच्या शर्यतीत सात पूर्ण फेऱ्यांत ३५ वेळा अडथळा ओलांडावा लागतो. २८ कोरडे अडथळे आणि ७ पाण्याचे. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. कमी अंतराच्या हर्डल्स शर्यतीतला अडथळा धक्का लागताच पडतो; हा मात्र पडत नाही. त्याचे वजन ८० ते १०० किलो असते. त्याला पाय अडकला, तर अडथळा जागीच राहतो आणि धावपटू पडतो. प्रत्येकाची स्वतंत्र मार्गिकाही नसते, एकाच अडथळ्यावर पाच-सहा जण एकाच वेळी झेपावतात.

५/
पाण्याच्या अडथळ्यापुढे ३.६६ मीटर लांबीचा हौद असतो. अडथळ्याला लागून तो सर्वात खोल, आणि तिथून तळ चढत चढत ट्रॅकच्या पातळीला येऊन मिळतो. म्हणजे उडी जितकी लांब, तितके पाणी उथळ आणि पाय तितका लवकर मोकळा. उडी आखूड पडली तर पाय खोल पाण्यात रुततो, वेग मरतो आणि तो पुन्हा मिळवण्यासाठी जादा शक्ती खर्च होते. अशी परीक्षा सात वेळा द्यायची, आणि दर वेळी आधीपेक्षा अधिक थकलेल्या पायांनी.

६/
या शर्यतीतील दोष प्रशिक्षकांना ठाऊक असतात. अडथळा जवळ येताच पावले आखूड होतात, धावपटू क्षणभर अडखळतो. किंवा तो पुढे झेपावण्याऐवजी वर उडतो, मग हवेत वेळ जातो आणि जमिनीवर उतरताना हिसका बसतो. काहींना एकाच पायाने झेप घेता येते, दुसरा पाय पुढे आला की ताल बिघडतो. पाण्याच्या अडथळ्यावर पाय टेकवून पुढे रेटा द्यायचा असतो. तो रेटा वरच्या दिशेने गेला की उडी आखूड पडते.

७/
नवशिका यातली प्रत्येक चूक अडथळ्यावरच सुधारू पाहतो. इथेच खरी फसगत आहे. धावपटू फार वर उडतो, कारण तो अडथळ्याच्या फार जवळ जाऊन झेपावतो. जवळ जातो, कारण आधीची पावले मोडली. पावले मोडली, कारण अंतराचा अंदाज उशिरा घेतला. अंदाज उशिरा घेतला, कारण पुढच्या धावपटूच्या पाठीमुळे अडथळाच दिसला नाही, किंवा थकव्याने मान खाली गेली. दोष अडथळ्यावर दिसतो, जन्मतो मात्र दहा पावले आधी.

८/
हा नियम केवळ स्टीपलचेसचा नाही. गोल्फमध्ये चेंडू उजवीकडे भरकटतो तेव्हा हौशी खेळाडू फटक्याच्या क्षणाला दोष देतो. पण बिघाड अनेकदा हाताच्या पकडीत किंवा उभे राहण्याच्या पवित्र्यात असतो, म्हणजे काठी हलण्याच्याही आधी. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद हेच सांगतात. डाव फसला असे पैलवानाला वाटते, वस्तादांना पाय चुकीच्या जागी पडलेला दिसतो. बीडला आखाड्याची परंपरा आहे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णविजेते राहुल आवारे पाटोद्याचेच.

९/
धावण्याला मात्र अशी वस्तादाची परंपरा गावोगावी नव्हती. धावणे सर्वांनाच येते, असा समज असल्यामुळे त्यातही चूक असू शकते, हेच ध्यानात येत नाही. आष्टी तालुका अवर्षणप्रवण. बीड जिल्हा उसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. साबळे यांचे आईवडीलही शेती आणि मजुरी करणारे. १३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्मलेल्या या मुलासमोर बारावीनंतर ऑलिम्पिक नव्हते, नोकरी होती.

१०/
ती नोकरी सैन्यात मिळाली. ५ महार बटालियनचा जवान म्हणून साबळे यांची नेमणूक सियाचीनच्या हिमनदीवर झाली, नंतर राजस्थानच्या वाळवंटात, पुढे सिक्कीममध्ये. स्पर्धात्मक धावण्याकडे ते वळले २०१५ मध्ये, सैन्याच्या आंतरविभागीय क्रॉसकंट्री शर्यतींतून. तेव्हा ते विशीत होते. जागतिक पातळीवरचे अनेक धावपटू या वयात आंतरराष्ट्रीय पदकांपर्यंत पोहोचलेले असतात. म्हणजे सुरुवात उशिरा झाली होती आणि चुका शिकत बसण्यास वेळ थोडा होता.

११/
२०१७ च्या सुमारास सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळवले. मधल्या काळात दुखापतीमुळे वजन वाढले होते. ते सुमारे २० किलोंनी उतरवावे लागले. वरवर ही केवळ तंदुरुस्तीची गोष्ट वाटते. पण जो धावपटू ३५ वेळा आपले सारे शरीर जमिनीवरून उचलतो, त्याच्या वजनातला प्रत्येक किलो ३५ वेळा मोजला जातो. अडथळ्यावर जड पडणाऱ्या पावलाचे मूळ कधी कधी तंत्रात नसते, ताटात असते.

१२/
२०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने जकार्ताची आशियाई क्रीडा स्पर्धा हुकली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भुवनेश्वरला वेळ नोंदली गेली ८ मिनिटे २९.८० सेकंद. सैनी यांच्या विक्रमापेक्षा जेमतेम १.०८ सेकंद कमी. ३७ वर्षांच्या प्रतीक्षेनंतरची ही सुधारणा आकड्यात किरकोळ दिसते. तिचे मोल वेगळे होते. साडेआठ मिनिटे ही भिंत नसून सवय आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

१३/
जगाच्या मानाने मात्र ती वेळ अजून मागेच होती. १९६८ पासून २०१६ पर्यंत केनियाने ज्या ज्या ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला, तिथे या शर्यतीचे सुवर्ण केनियाकडेच गेले. १९७६ आणि १९८० मध्ये तो देश बहिष्कारामुळे उतरलाच नव्हता. या मालिकेचा प्रारंभ करणारे एमॉस बिवॉट यांनी मेक्सिकोत पाण्याच्या अडथळ्यावर पाय न टेकवता सरळ हौदापलीकडे उड्या घेतल्या आणि पाय कोरडे ठेवून सुवर्ण जिंकले. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ती शैली चूकच होती.

१४/
बिवॉट यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. प्रत्येक वेगळेपण हा दोष नसतो. ज्या सवयीमुळे वेळ जातो, ती दोष. ज्या सवयीमुळे केवळ रूप विचित्र दिसते, ती शैली. हे वेगळे करण्यासाठी प्रशिक्षक एक साधे माप वापरतात. धावपटूची सपाट ३,००० मीटरची वेळ आणि स्टीपलचेसची वेळ यांतील फरक. विश्वविक्रमवीर इथिओपियाचे लामेचा गिर्मा यांची सपाट वेळ ७ मिनिटे २३.८१ सेकंद आणि स्टीपलचेसची ७ मिनिटे ५२.११ सेकंद. फरक २८.३० सेकंद. ३५ अडथळ्यांची एवढीच किंमत त्यांनी मोजली.

१५/
२०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत साबळे यांना या शर्यतीचा दुसरा चेहरा दिसला. प्राथमिक फेरीत पुढचा धावपटू पडला, वाट अडली, ताल तुटला. तरीही वेळ आली ८ मिनिटे २५.२३ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली आणि साबळे अंतिम फेरीत दाखल झाले. तिथे ८ मिनिटे २१.३७ सेकंद आणि तेरावा क्रमांक. या वेळेने टोकियो ऑलिम्पिकचे दार उघडले. १९५२ च्या हेलसिंकीतील गुलझारा सिंग यांच्यानंतर पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये ऑलिम्पिकला जाणारा भारतीय कुणी नव्हता.

१६/
दोहाने एक मूळ दोष उघड केला. तो पायात नव्हता, परिस्थितीत होता. भारतात साबळे शर्यतीच्या आरंभीच एकटे पुढे निघून जात. समोर पाठ नाही, बाजूला कोपर नाही, अडथळा लांबून स्वच्छ दिसतो. अशा धावण्याने विक्रम होतात, पण गर्दीत धावण्याची विद्या येत नाही. घोळक्यात अडथळा शेवटच्या दोन-तीन पावलांत दिसतो. कुणाच्या मागे किती अंतर ठेवायचे, बाहेरच्या बाजूने केव्हा सरकायचे, हे घरच्या मैदानावर शिकवणारे कुणी नव्हते. कारण तिथे दुसरे कुणी बरोबरीचे नव्हते.

१७/
आता सैनी यांच्या ३७ वर्षांकडे पुन्हा पाहता येते. त्या काळात भारतीय धावपटू कमी कष्टाळू होते, असे मानण्यास आधार नाही. देशात अव्वल ठरल्यावर पुढे कुणाशी झुंजायचे, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. राष्ट्रीय विजेतेपदापुरते धावले की तेवढीच वेळ पुरते, आणि पुरणारी वेळ हळूहळू सवय होऊन बसते. विक्रम न मोडण्याचा दोष दिसला शेवटच्या रेषेवर. त्याचा जन्म झाला स्पर्धांच्या वार्षिक वेळापत्रकात.

१८/
टोकियोत २०२१ मध्ये साबळे यांनी ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा आणखी एक विक्रम केला, तरी प्राथमिक फेरीत ते सातवे आले. अंतिम फेरीत स्थान न मिळालेल्यांत सर्वात वेगवान तेच. पुढे ते अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली, उंचावरच्या विरळ हवेत, बरोबरीच्या धावपटूंसोबत सराव करू लागले. मे २०२२ मध्ये त्यांनी ५,००० मीटरचा बहादूर प्रसाद यांचा १९९२ पासूनचा विक्रम मोडला. जूनमध्ये रबातच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेसची वेळ आली ८ मिनिटे १२.४८ सेकंद. तिथे ते आठवे होते. आठवे येऊन विक्रम करणे, हेच नवे शिक्षण होते.

१९/
६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. १९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाने नेली होती. साबळे यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवून ती साखळी तोडली. केनियाचे अब्राहम किबिवॉट ८ मिनिटे ११.१५ सेकंदांत पहिले आले. फरक अवघा ०.०५ सेकंद, म्हणजे तीन किलोमीटर धावून हातभरापेक्षाही कमी अंतर. एका अडथळ्यावर मोडलेल्या एका पावलाची किंमत याहून जास्त असते.

२०/
प्रगतीची रेषा सरळ नसते, हे पुढच्या वर्षी दिसले. जुलै २०२३ मध्ये पोलंडमधील सिलेसिया येथे साबळे यांनी ८ मिनिटे ११.६३ सेकंदांची वेळ देऊन पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. महिनाभरात बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ते प्राथमिक फेरीतच सातवे येऊन बाद झाले. प्रत्येक फेरीतून पहिले पाचच पुढे जाणार होते, वेळेच्या आधारे कुणाला जागा नव्हती. वेगाचा अभाव हे कारण असू शकत नव्हते. मोठ्या स्पर्धांच्या शर्यती घड्याळाशी नसतात, बाजूच्या माणसाशी असतात.

२१/
त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत साबळे यांनी ८ मिनिटे १९.५० सेकंदांच्या स्पर्धाविक्रमासह सुवर्ण जिंकले. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसमधील भारताचे हे पहिले सुवर्ण. ५,००० मीटरमध्ये रौप्यही मिळाले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये वेळ आली ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. २०१८ पासूनचा हा दहावा राष्ट्रीय विक्रम. महिनाभराने त्याच शहरात ते ऑलिम्पिकच्या या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष ठरले आणि अकरावे आले.

२२/
त्याच अंतिम फेरीत एक धडा सर्व जगाने पाहिला. शेवटच्या फेरीत, पदकाच्या शर्यतीत असताना, विश्वविक्रमवीर गिर्मा यांचा पाय अडथळ्याला लागला आणि ते जोराने कोसळले. त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. ज्यांच्या तंत्राचे आकडे जगात आदर्श मानले जातात, त्यांचीही एक झेप चुकली. दोष एकदा सुधारला म्हणजे कायमचा गेला, असे या शर्यतीत कधीच होत नाही. थकवा त्याला पुन्हा बोलावून आणतो. म्हणून श्रेष्ठ धावपटूही दर हंगामात तोच जुना अडथळा नव्याने ओलांडायला शिकतात.

२३/
आता हिशेब. सैनी यांच्या ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांपासून साबळे यांच्या ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांपर्यंतचा फरक २०.९७ सेकंद. सात फेऱ्यांत वाटला, तर फेरीमागे सुमारे तीन सेकंद. ३५ अडथळ्यांत वाटला, तर अडथळ्यामागे ०.६ सेकंद. १९८१ च्या गतीने धावणारा माणूस २०२४ च्या साबळे यांच्या मागे सुमारे १२३ मीटर राहील. हे अंतर एका झेपेत कापले गेलेले नाही. आधी वजन, मग तंत्र, मग सोबत, मग शर्यतीची जाण, असे ते तुकड्यातुकड्याने उकलले गेले.

२४/
मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे साबळे यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्ण मिळवले. जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तिशी ओलांडलेल्या धावपटूसाठी असा गुडघा म्हणजे जवळजवळ नवा आरंभ. झेप कुठून घ्यायची, कोणत्या पायावर भार द्यायचा, पाण्यात कसे उतरायचे, हे शरीराला पुन्हा शिकवावे लागते.

२५/
मांडव्याच्या वाटेवर आजही मुले शाळेत जात असतील आणि त्यांतील कुणी धावतही असेल. त्या मुलाला साबळे यांची कथा केवळ सहा किलोमीटरच्या पायपिटीची म्हणून सांगितली, तर त्याच्या हाती कष्टांचे कौतुक तेवढे पडेल, आणि कष्ट तर त्याच्याकडे आधीपासूनच आहेत. त्याला गरज आहे ती दहा पावले मागे जाऊन पाहणाऱ्या नजरेची, ‘तुझा पाय अडथळ्याला लागला, पण चूक तिथे झाली नाही’ असे वेळेवर सांगणाऱ्या माणसाची. आखाड्यांना वस्ताद देणाऱ्या बीडने आता असा वस्ताद धावण्याच्या मैदानालाही द्यावा. तसे झाले, तर पुढचा विक्रम मोडायला ३७ वर्षे लागणार नाहीत.